नकाशात जे दिसत नाही

घर बांधायचे म्हटले की आधी नकाशा लागतो. भिंती कुठे घ्यायच्या ते गवंड्याला कळायला हवे, दिव्यांची बटणे कुठे येतील ते इलेक्ट्रिशियनला, आणि पाण्याचा नळ कुठून कुठे न्यायचा ते प्लंबरला. सगळे काही एकाच कागदावर काढले तर रेषांचे असे जंजाळ होते की कोणालाच काही उमगत नाही. म्हणून नकाशा काढणाऱ्याचे अर्धे काम रेषा ओढण्याचे असते, आणि उरलेले अर्धे कोणती रेषा कोणाला दाखवायची हे ठरवण्याचे.

आज आपल्या अनेक घरांतली मुले-मुली हे काम संगणकावर शिकतात. ज्या प्रोग्रॅमांवर ती शिकतात त्यांतले फार प्रसिद्ध असे दोन, ऑटोकॅड आणि रेव्हिट, अमेरिकेत जन्मले. रेषा दाखवण्या-लपवण्याची ही विद्या तिकडे कशी वाढली आणि तिच्यात धोका कुठे दडला आहे, हे आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हाला वाटते.

खुंट्यांवरचे कागद

हाताने नकाशे काढणाऱ्या जुन्या कारागिरांचा एक चांगला नियम होता. एखादी वस्तू भिंतीमागे किंवा तुळईच्या आड असेल, तर ती ते सरसकट गाळत नसत, तुटक रेषेने दाखवत. तुटक रेषेचा अर्थ असा की वस्तू आहे, पण येथून दिसत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील अनेक कचेऱ्यांत आणखी एक युक्ती वापरात होती. पॉलिएस्टरच्या पारदर्शक कागदांना कडेला भोके पाडायची आणि ते टेबलावर बसवलेल्या छोट्या खुंट्यांत अडकवायचे. तळाच्या कागदावर भिंती, त्यावरच्या कागदावर विजेच्या तारा, त्याच्याही वर पाण्याचे नळ. खुंट्यांमुळे सगळे कागद एकमेकांवर तंतोतंत बसत. प्लंबरसाठी प्रत काढायची असली की तारांचा कागद उचलून बाजूला ठेवायचा. लपवलेली गोष्ट कुठे गेली असा प्रश्नच येत नसे, ती टेबलावर डोळ्यांसमोर पडलेली असे.

कागदाऐवजी पडदा

मॅसॅच्युसेट्समधील एम.आय.टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली आपला ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम प्रबंधातून मांडला. प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेषा काढता येऊ लागली. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी घन वस्तूच्या चित्रातून मागच्या बाजूच्या न दिसणाऱ्या रेषा संगणकाने स्वतःच कशा गाळाव्यात याची रीत आपल्या प्रबंधात दिली. माणसाच्या डोळ्याला जे सहज कळते, ते यंत्राला हिशेब करून शोधावे लागते.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ऑटोडेस्क ही कंपनी निघाली आणि त्याच वर्षी तिने ऑटोकॅड बाजारात आणले. टेबलावर मावणाऱ्या छोट्या संगणकावर ते चालत असल्याने लहान कचेऱ्यांनाही परवडू लागले. त्यात खुंट्यांवरच्या कागदांची जागा लेयरने, म्हणजे थराने घेतली. भिंतींचा एक थर, दारांचा दुसरा, तारांचा तिसरा. पुढे जो तो आपल्या मर्जीने थरांना नावे देऊ लागला तेव्हा गोंधळ माजला. मग अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्ये नावांचे नियम छापले. ‘ए’ वास्तुरचनेचा, ‘एस’ सांगाड्याचा, ‘ई’ विजेचा, ‘पी’ नळकामाचा. नावावरूनच थर कोणाचा ते कळावे, हा त्यामागचा हेतू.

बंद, गोठलेला आणि पुसलेला

आता धोक्याकडे वळू. ऑटोकॅडमध्ये थरापुढे लहान चित्रे असतात. दिव्याचे चित्र विझवले की थर बंद होतो. सूर्याच्या जागी बर्फाचा कण आणला की थर गोठतो. पडद्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, म्हणजे रेषा नाहीशा होतात. पण आत फार फरक आहे.

‘सगळे निवडा आणि पुसा’ अशी आज्ञा दिली, तर बंद थरावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूही पुसल्या जातात. गोठलेल्या थराला मात्र ही आज्ञा शिवत नाही. उलट, माउसने चौकट ओढून दिसणाऱ्या भिंती निवडल्या आणि दोन फूट सरकवल्या, तर बंद थरावरचे नळ जुन्याच जागी राहतात. थर पुन्हा उघडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तोवर कागद छापून कामावर गेला असेल, तर नळ भिंतीबाहेर आलेला गवंड्यालाच दिसायचा.

आणखी एक चित्र प्रिंटरचे असते. ते बंद असले तर रेषा पडद्यावर स्पष्ट दिसते, कागदावर मात्र उमटत नाही. काढणारा म्हणतो, ‘मी दाखवले आहे’. बांधणारा म्हणतो, ‘माझ्या कागदावर नाही’. दोघेही खरे बोलत असतात.

चार फुटांची कात्री

२००० साली मॅसॅच्युसेट्समधूनच रेव्हिट हा प्रोग्रॅम आला, आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने तो विकत घेतला. यात सुट्या रेषा काढत बसायचे नसते. संगणकात सबंध इमारत उभी करायची, आणि नकाशे म्हणजे तिच्याकडे पाहण्याच्या वेगवेगळ्या खिडक्या. मजल्याचा नकाशा हवा असला की प्रोग्रॅम इमारत जमिनीपासून ठराविक उंचीवर आडवी कापतो आणि वरून खाली पाहतो. अमेरिकी मापांत ही उंची बहुधा चार फूट धरलेली असते.

परिणाम पाहा. न्हाणीघराची उंचावरची छोटी खिडकी चार फुटांच्या वर सुरू होत असेल, तर ती नकाशात बहुधा येतच नाही. खिडकी इमारतीत आहे, कागदावर नाही. त्यावर उपाय आहे. तेवढ्याच भागासाठी कापण्याची उंची बदलता येते. पण ती बदलायला हवी हे आधी सुचले पाहिजे.

शिवाय कोणत्या वस्तू दिसाव्यात याची यादी साचा म्हणून साठवता येते, आणि तो एकच साचा अनेक नकाशांना लावता येतो. फार सोयीचे. मात्र साच्यातली एक खूण काढली की ती वस्तू त्या सर्व नकाशांतून एकदम दिसेनाशी होते. रेव्हिटमध्ये एक दिव्याचे बटण आहे. ते दाबले की त्या नकाशात लपवलेल्या वस्तू वेगळ्या रंगात उजळतात. नकाशा बाहेर पाठवण्यापूर्वी ते एकदा दाबावे, ही सवय शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

कॅन्सस सिटीचा धडा

यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे १७ जुलै १९८१ रोजी एका मोठ्या हॉटेलातील टांगलेले दोन पूल समारंभ चालू असताना कोसळले आणि ११४ माणसे मेली. तेथे संगणकाचा दोष नव्हता. मूळ कल्पनेत छतापासून एकच सळई दोन्ही पुलांतून खाली जायची होती. पुढे कारखान्याच्या नकाशात तिच्या जागी दोन सळया आल्या. कागदावर हा बदल किरकोळ दिसला. प्रत्यक्षात वरच्या पुलाच्या सांध्यावर दुप्पट भार आला. त्या सांध्याचा हिशेब दुसऱ्याने केला असेल असे इंजिनियरच्या आणि कारखान्याच्या माणसांनी परस्परांविषयी धरले, आणि हिशेब कोणीच केला नाही. रेषा दिसत होती, पण तिच्यामागचा भार कोणालाच दिसला नाही. तेव्हा कागदावर सारे साफ दिसते म्हणून निश्चिंत होणे बरे नव्हे.

आपल्याकडे हा विषय परका नाही. १९६० च्या कॅरोल वादळानंतर आपल्या बेटावर काँक्रीटची घरे वाढली. अनेक छतांवर पुढच्या मजल्यासाठी लोखंडी सळया सोडलेल्या असतात. बापाने खालचा मजला बांधायचा आणि मुलाने वरचा, हा आपला हिशेब. काँक्रीट ओतल्यावर आतले लोखंड दिसत नाही. वीस वर्षांनी वरचा मजला चढवताना खांबात किती सळया आहेत याचा साक्षीदार नकाशाच. तो कागद काढताना कोणी सळयांचा थर बंद ठेवला असेल, तर साक्षीदार मुका.

म्हणून घरचा नकाशा हाती आला की त्यात काय काय आहे एवढेच विचारू नये. ‘यात काय दाखवलेले नाही, आणि ते कोणत्या कागदावर आहे?’ हेही विचारावे, आणि ते सगळे कागद मागून घेऊन घरात जपून ठेवावेत. जी मुले हा व्यवसाय शिकत आहेत त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की लपवायला हरकत नाही, लपवल्याशिवाय नकाशा वाचताच येत नाही. पण काय लपवले ते कागदाच्या कोपऱ्यात एका ओळीत लिहून ठेवा. जुन्या कारागिराची तुटक रेषा हेच काम करीत होती.