पंचामृतातील कच्चे दूध

श्रावण लागला की उज्जयिनीत दुधाला निराळाच मान येतो. अभिषेकाला ते कच्चेच हवे, ही आपल्या घरांतील जुनी समजूत. त्याविषयी वैद्यकाला काही म्हणावयाचे नाही. महाकालेश्वराच्या अभिषेकासाठी दर भक्तामागे सव्वा लिटर दुधाच्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मान्यता दिली, ती शिवलिंगाची झीज थांबावी म्हणून. पिणाऱ्यांची काळजी मात्र आपणच वाहावयाची आहे. घरच्या पूजेनंतर पळीभर पंचामृत तळहातावर पडते, तेव्हा गर्भवती सून आणि लहानगा नातूही त्याचे वाटेकरी असतात.

धारोष्ण दूध अमृतासमान, असे आपण ऐकत आलो. परंतु ब्रुसेला आणि गोक्षयाचे जंतू बाधित गाईच्या दुधातूनच उतरतात. गाय वरकरणी धडधाकट दिसू शकते. तेथे दुधाचा ताजेपणा उपयोगाचा नाही. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला. तो शेळ्यांत असल्याचे झॅमिट यांना १९०५ मध्ये आढळले. पुढच्याच वर्षी सैनिकांचे शेळीचे दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला.

आपल्याकडे हाच ताप पुष्कळदा विषमज्वर किंवा क्षय म्हणून खपून जातो. चढउतार होणारा ज्वर, रात्रीचा घाम, कंबर व सांधे धरणे, अशा रुग्णाला व्यवसायबंधूंनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: कच्चे दूध घेतले होते का? गाय विताना वा गाभडताना हात लावला होता का? संशय असल्यास रक्ताचा नमुना पाठवताना प्रयोगशाळेला तसे कळवावे. हा जंतू सावकाश वाढतो आणि तेथील कर्मचाऱ्यांनाही बाधतो. डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन सहा आठवडे द्यावे लागते. ताप उतरताच औषध सोडणारा रुग्ण बहुधा परत येतो.

घरी उपाय सोपा आहे. पाश्चरीकरणाला ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद पुरतात, मग ढवळत आणलेली एक उकळी पुरेशीच. पूजेचे दूध देवाला वाहावे; वाटावयाचे पंचामृत मात्र उकळून निवविलेल्या दुधाचे करावे. मात्र माळव्यातील उन्हाळ्यात तासन्‌तास राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकोकसचे विष तयार झाले असेल, तर ते उकळूनही जात नाही. दूध आले की लगेच तापवावे, लवकर गार करावे. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला पंचामृताचे बोटही चाटवू नये, त्यात मध असतो.