वेदनेवरची दवा आणि आपली भीती

कान्हे फाट्यावरून आत वळले, रेल्वेमार्ग ओलांडला आणि इंद्रायणीचा पूल मागे टाकला की टाकवे बुद्रुक येते. अंदर मावळातल्या वाड्यावस्त्यांचा बाजारहाट याच गावावर चालतो. इथल्या एका घरात माझी चाची सात महिने अंथरुणाला खिळून होती. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता. कूस बदलताना तिची किंकाळी शेजारच्या घरापर्यंत जाई. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या पंधरा दिवस कपाटात तशाच पडून होत्या.

का? तर चाचा म्हणाले, "अफूची गोळी आहे ती. माझ्या घरात नशा नको." घरातल्या एका बुजुर्ग बाईंचे म्हणणे वेगळेच होते. "गुंगीत पडली आणि आखरी वक्ताला कलमा पढता आला नाही तर?" या दुसऱ्या प्रश्नावर घरातले सगळे गप्प झाले. आजही कितीतरी घरे याच प्रश्नावर गप्प होत असतील, म्हणून हा लेख.

मॉर्फिन अफूपासूनच निघते, हे खरे. 19व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने ते अफूतून वेगळे काढले. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती अफू जाते. म्हणजे जगाला औषधी अफू पुरवणारा आपला देश, आणि आपलीच माणसे वेदनेने तळमळतात. याला मोठे कारण कायद्याचे होते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर एका औषधासाठी अनेक परवाने काढावे लागत. बहुतेकांनी तो नादच सोडला. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिन न हाताळता शिकून बाहेर पडल्या. 2014 मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, आणि मिळूही नये.

आता नशेचा प्रश्न. शराबी पितो तो मजेसाठी. चाची घेणार होती ती कूस बदलता यावी म्हणून. सूरह बकराच्या 173 व्या आयतीत अल्लाहने हराम वस्तू सांगितल्या आणि त्याच आयतीत लाचार झालेल्या, पण अवज्ञेचा इरादा नसलेल्या माणसाला गुनाह नाही, असेही सांगितले. उपचार करून घ्या, अल्लाहने ज्याची दवा उतरवली नाही असा आजार नाही, या अर्थाची पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आहे. राहिला सब्र. हजरत अय्यूब (अलै.) यांच्या सब्राचा दाखला आपण सगळेच देतो. पण त्यांनीही आपले दुखणे अल्लाहपुढे मांडलेच होते. सूरह अंबियात त्यांची ती हाक आहे. दुखणे बोलून दाखवणे म्हणजे सब्र सुटणे, हे कोणी कधी ठरवले कोण जाणे. ज्यांच्या मनाला अजून खटका वाटतो, त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. मात्र विचारताना रुग्णाची पूर्ण हकीकत सांगावी. "अफू खाणे जायज आहे का?" एवढेच विचारले तर उत्तरही तेवढेच येईल.

कलम्याचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात रुग्णावरची माया आहे. पहिले दोन-चार दिवस मॉर्फिनने झोप येते. त्यातली बरीचशी कित्येक रात्रींची साचलेली झोप असते. नंतर शरीराला सवय होते आणि माणूस जागा राहतो, बोलतो. चाचीने सहाव्या दिवशी तयम्मुम करून इशाऱ्याने नमाज पढली. त्याआधी दीड महिना वेदनेमुळे तिला दोन रकात नीट पढता आल्या नव्हत्या. शुद्ध खरी हिरावून घेतली होती ती दुखण्याने. आणि हाक मारली तर ओ देईल इतकेच औषध ठेवा, आम्हाला शेवटची बातचीत हवी आहे, असे डॉक्टरांना उघड सांगता येते. ते त्याप्रमाणे मात्रा बसवायचा प्रयत्न करतात.

वेदना कमी करणे आणि झोपवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. मिडाझोलामसारखे औषध घालमेल थांबवते, झोप आणते, पण दुखणे मारत नाही. केटामाइन दोन्ही करते. महामार्गावर अपघात झाला, पाय गाडीत अडकला, तर ते उपयोगी पडते, कारण योग्य मात्रेत श्वास आणि रक्तदाब बहुधा टिकून राहतात. ही औषधे प्रशिक्षित हातातलीच. घरात ठेवायची नाहीत.

आणि मात्रा जास्त झाली तर? ही भीती रास्त आहे. मॉर्फिन जास्त झाले की श्वास मंद होत जातो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हलवले तरी माणूस जागा होत नाही. झोपलेला माणूस हाकेला कुरकुरतो तरी. हा फरक घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. अशा वेळी तोंडात पाणी, चहा काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि फुकट आहे.

यावर नॅलोक्झोन नावाचा उतारा आहे. मेंदूत एक कुलूप आहे, मॉर्फिन त्याची किल्ली. नॅलोक्झोन त्याच कुलपात बसते, मॉर्फिनला बाहेर ढकलते, पण स्वतः फिरत नाही. शिरेतून दिले तर दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. अमेरिकेत 1971 पासून ते वापरात आहे. आपल्याकडे रुग्णालयात इंजेक्शनने देतात. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो आणि मॉर्फिन त्याहून जास्त वेळ अंगात असते. म्हणून "शुद्धीवर आला, चला घरी" असे करू नये. श्वास पुन्हा मंदावू शकतो. दुसरे, त्याने दबलेली वेदनाही एकदम उसळते, म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला ते थोडे थोडे देतात. मिडाझोलामचा उतारा वेगळा, फ्लुमाझेनिल. त्यामुळे रुग्णाला नेताना गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. डॉक्टरांना आपल्या अंदाजापेक्षा त्या पाकिटाचा उपयोग जास्त.

जाता जाता साध्या पॅरासिटामॉलविषयी. तिची कोणालाच भीती वाटत नाही. पण ती फार जास्त पोटात गेली तर पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि आतून यकृत खराब होत असते. तिच्यावर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. मुलाने डबी रिकामी केली असा नुसता संशय आला तरी त्रासाची वाट बघत बसू नये.

चाचीचे पुढे काय झाले ते सांगते. पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे उपशामक उपचार केंद्र 1997 पासून चालते. कर्करोगाच्या रुग्णांना तिथे मोफत ठेवून घेतात आणि घरचे माणूस सोबत राहू शकते. देहूरोडहून कात्रजकडे जाणाऱ्या बाह्यवळणाने आम्ही तिला नेले. तिथल्या परिचारिकेने चाचांना समोर बसवून एक वही दिली. गोळी किती वाजता दिली, दुखणे दहापैकी किती, शौचाला झाले का, सगळे लिहायचे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ हमखास होते, त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागते. हे कोणी सांगत नाही आणि मग लोक मॉर्फिनच बंद करतात. तेही एकदम बंद करायचे नसते. चार तासांनी म्हणजे चार तासांनी, दुखायची वाट बघून नाही. रमजानात घरातले रोजे होते, पण चाचांनी घड्याळ लावून दुपारची गोळी चुकवली नाही. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे तिला समजवायलाच जास्त वेळ लागला.

नंतर गिळता येईना तेव्हा फेन्टानिलची पट्टी लावली. ती छातीवर लावली, म्हणजे वुजूच्या जागी नाही. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात उतरते. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते, म्हणून ती घडी करून लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी लागते.

जुम्याच्या पहाटे चाची गेली. आदल्या रात्री तिने नातवंडांना नावाने हाका मारल्या होत्या. फजरच्या थोडे आधी चाचा तिच्या कानाशी कलमा पढत होते, तिचे ओठ हलत होते. गुसलच्या आधी बायकांनी आठवणीने छातीवरची पट्टी काढली. उरलेल्या गोळ्यांसाठी वस्तीतल्या एकाने विचारले, त्याच्या वडिलांच्या गुडघ्यांना फार त्रास होता. चाचांनी नाही म्हटले, गोळ्या मोजल्या, वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या सोमवारी वारज्याला नेऊन परत दिल्या.