पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रातील प्राणवायूचा हंगामी ऱ्हास

किनाऱ्यालगतच्या समुद्रात प्राणवायू कमी का होतो, या प्रश्नास सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : नद्यांबरोबर शेतांतील खते येतात, वनस्पतिप्लवक माजतात आणि ते मरून तळाशी कुजताना प्राणवायू खर्च होतो. मिसिसिपीच्या मुखासमोर हे उत्तर योग्यच आहे. २०१७ साली तेथील प्राणवायुन्यून क्षेत्र २२,७२० चौ. किमी. भरले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत असे क्षेत्र पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुमारे १,८०,००० चौ. किमी. असल्याचा अंदाज आहे. परंतु त्याचे मूळ खतांत नाही. रासायनिक खतांचा येथे फारसा प्रसार झाला नव्हता तेव्हाच, १९५९ साली, कार्ल बान्झे यांनी नैऋत्य किनाऱ्यावरील आणि कॅरुदर्स प्रभृतींनी मुंबईसमोरील अशा पाण्याची व तळच्या मासळीवरील त्याच्या परिणामाची नोंद केली होती.

येथे येणारे पाणी मुळातच प्राणवायूला पारखे असते. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू अत्यल्प आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते, आणि या थराच्या वरच्या कडेचे पाणी उतार चढून समुद्रबूड जमिनीवर येते. ते पृष्ठभागी पोहोचते तर हवेतून प्राणवायू घेऊन सावरले असते. पण पावसाचे व नद्यांचे गोडे, हलके पाणी त्यावर पाच-दहा मीटरांचे झाकण घालते. खवळलेल्या समुद्रातही हे झाकण टिकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. घनतेतील फरक तेवढा मोठा असतो.

झाकणाखाली जिवाणूंचे विघटनकार्य चालूच राहते. प्राणवायू संपल्यावर ते नायट्रेट वापरतात, व तेही संपल्यावर सल्फेट; मग विषारी हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोर तो आढळतो. नायट्रेट खर्च होत असताना नायट्रस ऑक्साइडही साचतो, आणि तो वातावरण तापविणारा वायू आहे. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० साली ही स्थिती तीव्र होत असल्याचे मांडले व त्यात मानवनिर्मित नायट्रोजनाचा वाटा असावा असे सुचविले. पुढील काही अभ्यासांनी मात्र भर समुद्रातून येणाऱ्या पाण्याच्या स्थितीवर दिला. हा वाद केवळ ग्रंथगत नव्हे. पहिले मत खरे असल्यास किनाऱ्यावर उपाय संभवतो. दुसरे खरे असल्यास मासेमारीनेच ऋतुमानाशी जुळवून घेतले पाहिजे.

नोव्हेंबरच्या सुमारास प्रवाह उलटतो, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्याशी खाली दबते, आणि तळास पुन्हा प्राणवायू मिळतो.