आधी कागद, मग पडदा

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण, राज्यघटना असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला निळा अंगरखा आणि तांबडी झूल घालून आकाशात उडणारा माणूस आणून बसवणे काही श्रोत्यांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवडातल्या एखाद्या शाळकरी मुलाला सहज विचारून पाहावे. सुपरमॅन कोणत्या ग्रहावरून आला, स्पायडर-मॅनच्या काकांचे काय झाले, हे तो न अडखळता सांगेल. ज्या कथा मुलांच्या मनात एवढे घर करून राहिल्या आहेत, त्या कोठे घडतात, कशा घडतात आणि त्यांत मराठीचा वाटा किती, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावयास हवा.

प्रथम हा प्रकार आपल्याला परका आहे काय, ते पाहू. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर मंडळींनी चित्रकथीची कला पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरावयाची आणि कथा गाऊन सांगावयाची, अशी ही रीत. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एका चित्रात बाण धनुष्यावर आहे आणि पुढच्या चित्रात राक्षस पडलेला आहे. मधला बाणाचा प्रवास कोणी काढलेला नाही; तो श्रोत्याने मनात पाहावयाचा. आजच्या कॉमिकचे मर्म नेमके हेच आहे. दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते, तिच्यात वाचक स्वतः काम करतो. चित्रपट ती पट्टी भरून काढतो. म्हणून चित्रपट डोळे दिपवतो खरा, पण चित्रकथा वाचकाला भागीदार करून घेते.

या भागीदारीची चव मराठी मुलांनी एकदा भरपूर घेतली आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला फँटम हा त्याचा पहिला नायक. चाचांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो. पुढे बापामागून मुलगा तोच वेष चढवतो आणि लोकांना वाटते, हा एकच पुरुष शेकडो वर्षे जगतो आहे. या चालत्याबोलत्या भुताला मराठी आवृत्तीने नाव दिले वेताळ. या नावाने केवढे काम केले पाहा! वेताळपंचविशी आपल्या कानांवरची, पुण्याची वेताळ टेकडी डोळ्यांसमोरची, आणि कोकण-गोव्यात तर वेताळ हा गावाची राखण करणारा देव. भुतांचा धनी असून रक्षणकर्ता, हा अर्थ त्या एका शब्दात आयताच होता. मूळ कथेतील बंगालशी जुळणारे देशाचे नाव बदलून डेंकाली झाले, सिंग नावाचे चाचे सिंगा झाले. कागदावर चार अक्षरे बदलली आणि परमुलखातला वीर आपल्या घरात वावरू लागला.

चित्रकथेचा छंद माणसाला कोठवर नेतो, याचे उदाहरण मुंबईत सापडते. आबिद सुरती हे लहान असताना दुसरे महायुद्ध चालू होते. बंदरावरून येणाऱ्या गाडीतले गोरे सैनिक मुलांच्या घोळक्याकडे खाऊ फेकीत. एकदा एकाने कॉमिकचे पुस्तक फेकले. मुलांनी त्यावर झडप घातली, त्यात पुस्तक फाटले आणि सुरतींच्या हाती त्यातले एक पान लागले, अशी आठवण ते सांगत आले आहेत. त्या पानाचे वेड लागलेल्या मुलाने मोठेपणी, १९७६ साली, इंद्रजालसाठी बहादूर हा भारतीय नायक लिहिला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा दरोडेखोराचा मुलगा. तो उडत नाही, भिंती फोडत नाही. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स घालून तो दरोडेखोरांविरुद्ध नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. चंबळच्या दरोडेखोरांच्या बातम्या वाचणाऱ्या देशाला हा नायक ओळखीचा वाटला, यात नवल नाही. इंद्रजाल १९९० साली बंद पडले.

आता पडद्याकडे वळू. आपल्या या पट्ट्यात भोसरीपासून चाकणपर्यंत टूलरूमचे काम जाणणारे हात पुष्कळ आहेत. नव्या गाडीचा एखादा भाग लाखांनी काढावयाचा तर आधी त्याचे रेखाटन होते, मग नमुना होतो, तो तपासला जातो, पुन्हा घासला जातो आणि मगच डाय प्रेसवर चढते. नमुना फसला तर थोडे नुकसान; उत्पादन फसले तर कारखाना अडचणीत. चित्रपटाच्या धंद्यात अद्भुत वीरांची टूलरूम म्हणजे कॉमिक. तेथे एक लेखक आणि एक चित्रकार बसून वाटेल ते करून पाहतात. डोंगर उचलावयास कागदावर जेवढी शाई लागते, तेवढीच पेला उचलावयास लागते.

सुपरमॅनचेच पाहा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांची ही कल्पना पुष्कळ दारे फिरून आली. शेवटी १९३८ साली अवघ्या १३० डॉलरला हक्कांसकट विकली गेली. हजारो कोटींच्या धंद्याचा नमुना तो हा, आणि नमुना करणाऱ्यांच्या पदरात काय पडले तेही लक्षात ठेवण्याजोगे. आरंभी हा वीर उडत नसे, नुसती लांबलचक उडी मारी. १९४१ साली फ्लायशर स्टुडिओने त्याचे हलत्या चित्रांचे पट काढले. तेव्हा सारखा टुणटुण उड्या मारणारा नायक पडद्यावर विचित्र दिसू लागला, म्हणून त्याला उडते केले. पुढे कागदावरही तो उडू लागला. म्हणजे पडदाही कागदाला काही परत देतो.

उलट, पडदा काही हिरावूनही घेतो. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली स्पायडर-मॅन निर्माण केला, तेव्हा त्याच्या अंगी कोळ्याचे बळ आले खरे, पण जाळे फेकण्याचे यंत्र त्या गरीब शाळकरी मुलाने स्वतः घडवलेले होते. २००२ च्या चित्रपटात ते जाळे त्याच्या मनगटातूनच निघू लागले. गोष्ट सुटसुटीत झाली. परंतु हाताने वस्तू घडवणारा मुलगा त्यातून नाहीसा झाला. २०१२ च्या चित्रपटाने ते यंत्र परत आणले. ज्या गावाची चूल लेथ आणि ड्रिलवर पेटते, त्या गावाने हा फरक किरकोळ मानू नये. दैवाने मिळालेली शक्ती आणि कष्टाने साधलेली करामत यांत मुलांनी कशाचे कौतुक करावे, हा प्रश्न त्यात आहे.

मग मराठीत असा वीर का उभा राहिला नाही? यत्न झालेला आहे. २०१५ साली निखिल महाजन यांच्या दिग्दर्शनाखाली, श्रेयस तळपदे यांना नायक करून, 'बाजी' हा चित्रपट निघाला. घोड्यावरून येणारा मुखवटाधारी वीर कोकणच्या भूमीत आणण्याचे धाडस त्यात होते. पण या वीराच्या मागे कागदावरचा इतिहास नव्हता. नायकाची ओळख, त्याचा वेष, त्याचा शत्रू, सारे दोन-अडीच तासांत प्रथमच सांगावयाचे होते. आपण नमुन्यावाचून थेट उत्पादनाला हात घातला. याच्या जोडीला २०१७ चा 'फास्टर फेणे' ठेवून पाहा. फुरसुंगीचा हा चपळ मुलगा काही अतिमानव नव्हे. परंतु भा. रा. भागवतांनी त्याला पुस्तकांतून वर्षानुवर्षे वाढवले होते, दूरदर्शनवरही तो येऊन गेला होता. चित्रपटात तर दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने खुद्द भागवतच एक पात्र होऊन आले. प्रेक्षागृहात बसलेल्या आईबापांना तो आधीच ठाऊक होता. आपल्या मुलाशी त्याची गाठ घालून देण्यासाठी ते आले होते.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी स्पायडर-मॅनचा भारतीय अवतार कॉमिकमध्ये रंगवला. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर. खेड्यातून मुंबईला शिकावयास आलेला हा मुलगा धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. पुस्तिका निघाल्या अवघ्या चार. पुढे १९ वर्षांनी तो नमुना २०२३ च्या 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या चित्रपटात एकाएकी जगभर झळकला. तो चित्रपट भारतात दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठी होती. मुंबईच्या वीराने मराठीत बोलावे यासाठी अमेरिकेतल्या कंपनीची वाट पाहावी लागली, ही गोष्ट आनंदाची म्हणावी की खंतीची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कोणीतरी बलाढ्य पुरुष आकाशातून येईल आणि आपले संकट निवारील, ही सवय समाजाला लावणे बरे काय? केवळ बळाची पूजा असेल तर बरे नव्हेच. तथापि चांगली वीरकथा बळापेक्षा बंधनाची कथा असते. वेताळ शपथेने बांधलेला, स्पायडर-मॅन काकांच्या मृत्यूच्या पश्चात्तापाने बांधलेला, बहादूर बापाच्या गुन्ह्याच्या ओझ्याने बांधलेला. आणि या मातीला असा वीर नवा नाही. १६६० साली चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळा मूठभर लोकांनिशी शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याशी सुमारे दोन महिने झुंजला. किल्ला अखेर गेला; नाव राहिले. अंगी अद्भुत शक्ती नव्हती, कर्तव्याची शपथ मात्र होती.

असा वीर आजच्या चाकणच्या रस्त्यावरही कल्पिता येईल. रात्रपाळीहून परतणारी एखादी फिटर मुलगी, वऱ्हाडातून आलेला एखादा शिकाऊ कामगार, पवना नाही तर इंद्रायणी यांच्या काठी घडणारे कथानक. त्यासाठी चित्रपटगृह बांधावयास नको, कोट्यवधींचे भांडवल नको. लिहिणारा एक, काढणारा एक आणि ३२ पानांची एक पुस्तिका पुरे. शाळांनी तिला ग्रंथालयात जागा द्यावी, दिवाळी अंकांनी चार पाने द्यावीत, आणि पालकांनी मुलाच्या हातात ती दिसली तर अभ्यासाचे निमित्त करून काढून घेऊ नये. पहिले दहा नमुने फसतील. टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला त्याची भीती वाटावयाचे कारण नाही.