ठणठणपाळ, दगडू आणि नकुशी

मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायला ठणठणपाळाची गोष्ट हुकमी. नावापायी चिडवला जाणारा हा गडी चांगल्या नावाच्या शोधात घराबाहेर पडतो. वाटेत प्रेतयात्रा दिसते. गेलेल्याचं नाव अमरसिंग. पुढे दारोदार भीक मागणारा भेटतो, तो धनपाल. माळावर गोवऱ्या वेचणारी बाई निघते लक्ष्मी. आपलं आहे तेच बरं, म्हणत ठणठणपाळ घरी परततो. वाचताना ‘नाव काय हो तुमचं?’ या प्रश्नाशी जरा थांबावं. दुसऱ्या भेटीपासून पोरं स्वतःच उलटी नावं सुचवू लागतात.

गोष्टीचं मूळ फार जुनं. पाली जातककथांतली ९७ वी कथा, नामसिद्धी जातक, जवळपास हीच आहे. तक्षशिलेत शिकणारा पापक स्वतःच्या नावाला विटतो. गुरू त्याला सांगतात, फिरून ये आणि आवडेल ते नाव निवड. त्याला दिसतात मेलेला जीवक, मार खाणारी दासी धनपाली आणि वाट चुकलेला पंथक. नाव ओळखीपुरतं, हे उमजून तो परततो.

आपल्याकडच्या रिवाजातही हा विचार मुरलेला आहे. बाळाच्या पाचवीला किंवा सटीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते अशी समजूत. बारसं त्यानंतर, बाराव्या दिवशी. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते, नाव सांगते आणि भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे नशीब आधी लिहून झालेलं असतं, नाव मागून येतं.

तरीही नावानं नशिबाला चकवायचा खटाटोप लोकांनी केलाच. मुलं जगत नसत त्या घरात पुढच्या बाळाचं नाव दगडू, धोंडू, कचरू किंवा भिकू ठेवत. दगडाला किंवा केरकचऱ्याला कोण दृष्ट लावणार, काळ तरी कशाला उचलून नेणार, हा त्यामागचा हिशेब. नाव ओबडधोबड, पण ते ठेवणाऱ्या आईचा जीव त्या पोरात अडकलेला असे.

‘नकुशी’चं तसं नाही. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की हे नाव ठेवलं जाई. सातारा जिल्हा परिषदेनं ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. काहींनी ती स्वतः निवडली. या मुलींना ठणठणपाळाचा दाखला देऊन परत पाठवणं अन्यायाचं झालं असतं. शाळेत रोज हजेरीला ‘तू नको होतीस’ हेच ऐकायचं असेल, तर नाव ओळखीपुरतं कसं उरणार?

ठणठणपाळाची गोष्ट एवढंच सांगते की नावावरून माणसाचं नशीब कळत नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मात्र बऱ्याचदा कळतं. म्हणून गोष्ट वाचून झाली की तात्पर्य सांगत बसू नये. मुलाला त्याचं नाव कुणी सुचवलं, दुसरी कोणती नावं चर्चेत होती, कशावरून वाद झाले, ते सांगावं. आणि नाव आवडत नाही म्हणालंच, तर का ते आधी ऐकून घ्यावं.