कलेसाठी निधी : एका वस्तीचा धडा

संस्थेच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला की वह्या, शिष्यवृत्ती, औषधे यांना लगेच मान्यता मिळते. चित्रकला वा नाटकाचे नाव काढताच मात्र ‘एवढ्या पैशांत चार मुलांची फी भरली असती’ असे कुणीतरी म्हणतो. हा आक्षेप रास्त आहे, आणि बँकेत आकडेमोड करणाऱ्या माझ्यासारख्याला तर तो चटकन पटतो. परंतु अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका वस्तीने त्याला दिलेले उत्तर विद्यार्थी मित्रांनी समजून घेण्यासारखे आहे.

1930 च्या दशकात तेथील सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगविले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर बहुधा लाल रंग आला. लाल म्हणजे धोक्याचे कर्ज! असा भेदभाव कायद्याने बंद झाला तो 1968 साली. पण तोवर दोन पिढ्यांची घरे पडझडीला लागली होती.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात ‘थर्ड वॉर्ड’ ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती आहे. तेथील रिक लोव हे चित्रकार अन्यायाची चित्रे काढीत. एकदा एका शाळकरी विद्यार्थ्याने त्यांना विचारले की, आमची दुःखे आम्हाला ठाऊकच आहेत; तुम्ही कलावंत आहात, तर त्यावर उपाय का निर्माण करीत नाही? लोव निरुत्तर झाले. पुढे 1993 साली त्यांनी व अन्य सहा कृष्णवर्णीय कलावंतांनी 22 ओसाड, चिंचोळी घरे हाती घेतली आणि ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ सुरू केले.

यासाठी पैसा एका हाताने आला नाही. सरकारी कला अनुदान व खासगी प्रतिष्ठानांची देणगी मिळाली, आणि स्वयंसेवकांनी श्रमदान केले. काही घरांत कलाप्रदर्शने भरू लागली. 1996 पासून काही घरे शिकणाऱ्या एकट्या तरुण मातांना राहण्यासाठी देण्यात आली. 2003 मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी वेगळी संस्था निघाली. 2014 साली लोव यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली.

यातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, कर्ज देताना बँक तारण पाहते. अनुदान देणाऱ्याने मात्र ज्यांना तारणच उभे करू दिले नाही, त्यांच्याकडे आधी पाहावे. सर्वांना सारखे वाटणे आणि न्याय्य वाटणे यांत हाच फरक आहे. दुसरी, भागीदारी म्हणजे निर्णयातही वाटा. देणगीदाराने कार्यक्रम ठरवायचा आणि वस्तीने टाळ्या वाजवायच्या, याला भागीदारी म्हणता येत नाही. तिसरी, एका दिवसाच्या समारंभाचा खर्च दुसऱ्या दिवशी संपतो. जागा, शिक्षकाचे मानधन व चार-पाच वर्षांची हमी मिळाली, तर काम मूळ धरते.

तेव्हा फी की कला, असा हा प्रश्नच नाही. तेथे कलेच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या घरांतच मातांचे शिक्षण पूर्ण होण्याची सोय झाली. आपल्या पुढील अंदाजपत्रकात कलेसाठी एक छोटी पण कायमची रक्कम असावी, आणि ती कशी खर्चावी हे वस्तीतील मुलामुलींना विचारूनच ठरवावे, एवढेच सुचवावेसे वाटते.