माळ्यावरचा डब्बा भंगारात देण्याआधी : ही-मॅन, जी.आय. जो आणि त्यांचे देशी भाऊ

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

शेलूबाजारवरून बोलतोय. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही, आपलं गावच हायवेवर आहे. हेडफोन लावा, नाहीतर घरात माळा साफ करता करता ऐका. खरं तर तेच बरं, कारण आजचा विषय माळ्यावरच पडलेला असतो. जुन्या अॅक्शन फिगर्स. म्हणजे हातपाय हलणारे ते प्लास्टिकचे हिरो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

मागच्या दिवाळीला आईनं साफसफाईला लावलं. माळ्यावर बिस्किटाचा एक पत्र्याचा डब्बा होता. आत दहा-अकरा प्लास्टिकचे शिपाई. कुणाची कंबर तुटलेली, कुणाची बंदूक गायब. खाली भंगारवाल्याची हातगाडी उभी होती. कूलरचा गंजलेला पत्रा, फुटकी बादली, जुन्या वह्या आणि तो डब्बा, सगळं मिळून १४० रुपये आले. त्याचे आम्ही समोसे खाल्ले.

दोन महिन्यांनी आतेभाऊ पुण्याहून आला. समृद्धीवरून उतरला, घरी चहा झाला, आणि सोबतच्या सहा वर्षांच्या पोराला म्हणाला, "थांब, तुले माहे शिपाई दाखवतो." मग माझ्याकडे वळून, "अबे, तो डब्बा कुठी हाय?"

ते शिपाई दादाचे होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इकडे यायचा, आणि अकोल्याहून येताना आत्या त्याला दरवेळी एक पाकीट घेऊन द्यायची. अशी चार-पाच वर्षं. मी सांगितलं, दादा, देऊन टाकला. तो काहीच बोलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी हे सगळं वाचायला, बघायला लागलो. ते काय होतं, कुठून आलं, आणि जगभरातली मोठी माणसं त्याच्यामागे का लागतात. आज तेच सांगतो.

'बाहुली' म्हणायचं नाही!

१९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीनं जी.आय. जो नावाचा सैनिक आणला. जवळपास १२ इंच उंच, कापडाचे कपडे, सगळे सांधे हलणारे. खरं बघितलं तर ती बाहुलीच होती. पण कंपनीला भीती, की मुलांसाठी 'बाहुली' म्हटलं तर बाप विकत घेणार नाही. म्हणून नवीन शब्द काढला, अॅक्शन फिगर. शब्द चालला आणि धंदाही चालला.

पुढचा मोठा टप्पा १९७७ चा. 'स्टार वॉर्स' सिनेमा आला आणि अंदाजाच्या बाहेर चालला. खेळण्यांचे हक्क केनर कंपनीकडे होते, पण नाताळ तोंडावर आला तरी माल तयार नव्हता. मग त्यांनी काय केलं असेल? चक्क रिकामं पाकीट विकलं! आत एक कूपन. ते पोस्टानं पाठवा, पुढच्या वर्षी चार फिगर घरी येतील. लोकांनी घेतलं. आज ते पाकीटसुद्धा संग्राहक जपून ठेवतात.

केनरनं आणखी एक गोष्ट केली. उंची १२ इंचांवरून पावणेचार इंचांवर आणली. खेळणं स्वस्त झालं, आणि एवढ्या छोट्या माणसासाठी विमान, गाडी, अख्खा तळ बनवणं परवडायला लागलं. पुढे हेच माप पुष्कळ जणांनी उचललं.

त्याच मालिकेत बोबा फेट नावाच्या पात्राच्या पाठीवरून रॉकेट उडणार होतं. लहान पोरं ते गिळतील या धास्तीनं ते रॉकेट बाजारात आलंच नाही. जे थोडे नमुने कारखान्यात बनले होते, त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात पाच लाख डॉलरच्या वर गेला. आता हे ऐकून लगेच माळ्यावर चढू नका. तो नमुना होता, आपला शिपाई नाही. मुद्दा एवढाच, की या छंदात जे कमी बनलं, त्याला भाव.

संग्राहकांच्या लाडक्या मालिका

भराभर सांगतो.

मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स, म्हणजे आपला ही-मॅन. मॅटेल कंपनी, १९८२. साडेपाच इंच, पैलवानी दंड. कंबर पिळून सोडली की स्प्रिंगनं ठोसा बसतो. तलवार अर्धीच यायची, दुसरी अर्धी स्केलेटरकडे. दोन्ही जोडल्या की एक तलवार. म्हणजे एक घेतला की दुसऱ्यासाठी रडायचं हे ठरलेलंच.

जी.आय. जो, दुसरा जन्म. तोही १९८२, पण आता पावणेचार इंचांत. पाकिटाच्या मागे प्रत्येकाची माहिती छापलेली असायची: खरं नाव, जन्मगाव, कशात तरबेज. ती माहिती कॉमिक्सवाला लॅरी हामा लिहायचा, म्हणून प्रत्येक शिपाई वेगळा माणूस वाटायचा. यातला सगळ्यांचा आवडता स्नेक आईज. तो पूर्ण काळा का, माहितीये? पहिल्या वर्षी रंगकामाचा खर्च वाचवायला एक फिगर न रंगवताच काढायची ठरली. काळ्या प्लास्टिकची, रंगाचा ठिपकाही नाही. पैसे वाचवायला केलेला तो माणूसच सगळ्यात जास्त गाजला.

ट्रान्सफॉर्मर्स, १९८४. जपानच्या टाकारा कंपनीची गाडीतून रोबो होणारी खेळणी हॅस्ब्रोनं घेतली, नवीन नावं आणि नवीन गोष्ट लावली. निन्जा टर्टल्स, १९८८, प्लेमेट्स कंपनीची. या दोन्हीचे चाहते वेगळेच पंथ आहेत, त्यांच्यावर स्वतंत्र एपिसोड करू.

मग हे वऱ्हाडात कसं पोचलं?

इथून खरी मजा आहे. १९९१ च्या आधी परदेशी खेळणी दुकानात सहज मिळायची नाहीत, तसल्या मालाच्या आयातीवर बंधनं होती. कुणाचा काका आखाती देशात असेल तरच. मग कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला: इथंच बनवा.

ही-मॅन बनवला लिओनं. व्हीआयपी सुटकेसवाल्या ब्लो प्लास्टचा हा खेळण्यांचा ब्रँड, मॅटेलसोबत. तिकडे दूरदर्शनवर ही-मॅनचं कार्टून लागायचं, इकडे दुकानात लिओचा ही-मॅन. आणि जी.आय. जो बनवले फनस्कूलनं. टायरवाली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये ही कंपनी काढली. कारखाना गोव्यात. म्हणजे दादाचे शिपाई अमेरिकेचे नव्हतेच.

मला वाटलं, मग ते डुप्लिकेट. तर नाही! इथं साच्याची गोष्ट समजून घ्यावी लागेल.

प्लास्टिकचं खेळणं बनतं पोलादी साच्यात. वितळलेलं प्लास्टिक दाबानं आत सोडायचं, थंड झालं की काढायचं. साचा बनवणं फार महाग, त्यातून माल काढणं स्वस्त. अमेरिकेत दोन-एक वर्षं एक फिगर विकली की तिकडची पोरं नवीन मागायची आणि साचा नुसता पडून राहायचा. मग तोच साचा भारतात, ब्राझीलला, अर्जेंटिनाला पाठवायचा. म्हणजे साचा अस्सल, फक्त प्लास्टिक, रंग आणि हात इथले.

आणि रंगातच गंमत झाली. मूळ फिगरचा हिरवा इथं भलताच पोपटी निघाला. कुणाच्या अंगावर दुसऱ्याचेच हात. अमेरिकेत कधीच न निघालेल्या रंगाचे शिपाई इथं निघाले. तिकडे ती मालिका १९९४ ला थांबली, फनस्कूलची गाडी त्यानंतरही काही वर्षं चालू राहिली. म्हणून तिकडचे संग्राहक 'इंडियन फनस्कूल' असा वेगळा कप्पाच ठेवतात. आपण ज्याला 'आपल्याकडचा साधा माल' म्हणतो, ते त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

२००१ मध्ये आयातीवरची उरलेली बंधनं उठली, बाजारात चिनी खेळणी आली. आमच्याकडे जत्रेत रोबो मिळायला लागला तो तेव्हाच. आपल्या पिढीच्या हाती तोच लागला.

डब्बा सापडला तर काय बघायचं

आता कामाचं. पहिली गोष्ट, शिक्का. पाठीवर, कमरेखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरं असतात. कंपनी, साल, देश. मोबाईलची टॉर्च तिरकी धरा, दिसतात. पण सालावर जाऊ नका. तिथं १९८५ असेल तर ते साच्याच्या हक्काचं साल. खेळणं त्यानंतर दहा वर्षांनीही निघालेलं असू शकतं. पाकीट शाबूत असेल तर त्यावरची छापील किंमत बघा, त्यावरून काळ जास्त बरा कळतो.

दुसरी गोष्ट, तुटलेली कंबर. जी.आय. जो दोन तुकड्यांत निघाला म्हणजे तुटलाच असं नाही. आत एक काळी रबरी रिंग असते, ओ-रिंग. तीच पाय आणि छाती धरून ठेवते. वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होऊन तुटतं. पाठीवरचा एक स्क्रू काढायचा, छातीचे दोन भाग वेगळे होतात, पायाच्या हुकात नवी रिंग अडकवायची, पुन्हा बंद. स्क्रू करकचून आवळू नका, जुनं प्लास्टिक तडकतं. बंदूकही जबरदस्तीनं हातात घालू नका. या फिगरचा अंगठा सगळ्यात आधी तुटतो.

तिसरी, साफसफाई. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, काहीच नाही! रंग जातो, प्लास्टिक विरघळतं. कोमट पाणी, थोडा साबण, जुना मऊ ब्रश. आधी स्क्रू काढा, नाहीतर आत पाणी राहून तो गंजतो. आणि उन्हात वाळवू नका, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

चौथी गोष्ट खास आपल्याकडची. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच. ही-मॅनसारखं मऊ प्लास्टिक गरमीत चिकट होतं, कारण ते मऊ राहावं म्हणून मिसळलेलं तेलकट द्रव्य बाहेर यायला लागतं. डब्बा माळ्यावरून काढा, खालच्या कपाटात ठेवा. मऊ आणि कडक प्लास्टिक एकमेकांना चिकटू देऊ नका, मध्ये कागद घाला.

पाचवी, भाव. कुणी ऑनलाईन 'दुर्मिळ' लिहून काहीही आकडा टाकतं. मागितलेली किंमत वेगळी, मिळालेली वेगळी. जिथं विकून झालेल्या मालाचे आकडे दिसतात तिथं बघा, मगच बोला. सोबतच्या बंदुका, पट्टे, छोटे हेल्मेट फेकू नका. बऱ्याचदा फिगर मिळते, तिची बंदूक मिळत नाही.

आणि माझं काय झालं

भंगारवाल्या काकांकडे मी गेलो होतो. हसले ते. "बाप्पा, दोन महिने झाले, ते प्लास्टिक तर कव्हाच गेलं अकोल्याले." त्यांचं बरोबर आहे. किलोवर घेतलेला माल, त्यांनी काय म्हणून ठेवावा?

पण होळीच्या आधी कोठीतल्या गव्हाच्या टाकीमागं झाडताना एक सापडला. कधीतरी डब्ब्यातून निसटलेला असेल. अख्खा काळा, तोंडावर पट्ट्यापट्ट्यांचा चष्मा. स्नेक आईज! कंबर दोन तुकड्यांत. मांडीवर टॉर्च मारली तर १९८५.

गावातल्या मोटारपंपाच्या दुकानात गेलो. तुटकी रिंग दाखवली. मिस्त्रीनं डब्बा उलटा केला, चार रिंगा लावून बघितल्या, पाचवी बसली. पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "कोण्या पंपाची हाय?" मी शिपाई काढून दाखवला. दुकानातले तिघंही तो हातात घेऊन बघत बसले.

घरी आजी म्हणे, "काहून रे, एवढा मोठा झाला अन् बाहुल्या घेऊन बसला?" मी म्हटलं, आजी, बाहुली नाही म्हणायचं. तिला १९६४ ची गोष्ट सांगितली नाही.

दादाला फोटो पाठवला. निळ्या टिक आल्या, अर्धा तास उत्तर नाही. मग व्हॉइस नोट आली, त्यात त्याचा पोरगा विचारत होता, "काका, याचा डॉग कुठे आहे?" स्नेक आईजसोबत एक लांडगा येतो, टिंबर नावाचा. म्हणजे दादानं त्याला सगळं सांगून ठेवलंय. तो लांडगा १४० रुपयांत गेला की आधीच हरवला होता, हे मला आठवत नाही. सध्या मी तोच शोधतोय. कुणाकडे जास्तीचा असेल तर कळवा, रास्त भाव देईन.

तर मंडळी, दिवाळीला माळा काढाल तेव्हा एवढं करा. डब्बा उघडा, टॉर्च मारा, आणि देऊन टाकण्याआधी ज्याचा आहे त्याला एक फोन लावा. ताईला, दादाला, मामाला, जो असेल त्याला. तो 'फेकून दे' म्हणाला तर खुशाल फेका.

तुमच्या घरात काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या वेळी वाजवू. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.